फिल्टरच्या तोंडाला गाळणी



पापड-लोणच्यापासून मुलांच्या परीक्षेपर्यंत बरेच विषय या पानावर येऊन गेले, पण माशांची टाकी आजवर आली नव्हती. ती आली एका पत्रामुळे. पत्र विदर्भातल्या एका भगिनीचे आहे. त्यांच्या सातवीत शिकणाऱ्या मुलीने घरात दोन फुटी काचेची टाकी ठेवली आहे. टाकीत गप्पी मासे आहेत. हे मासे कुणी शौकाने विकत आणलेले नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते जे गप्पी मासे हौदांत आणि डबक्यांत सोडते, त्यांतलेच हे चार-सहा.

भगिनी लिहितात, "दर महिन्याला पिले दिसतात आणि दोन-तीन दिवसांत नाहीशी होतात. मोठे मासेच खात असतील असे आम्ही धरून चाललो. मागच्या रविवारी मुलीने मागच्या बाजूला टांगलेला फिल्टर धुवायला उघडला, तर आतल्या पांढऱ्या कापसात पंधरा-वीस पिले चिकटलेली. दोन जिवंत होती, बाकी मेलेली. मुलगी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, आई, आपण विहारात पहिले शील घेतो, मग ही पिले कुणी मारली? तेव्हापासून तिने फिल्टरच बंद करून ठेवला आहे. पाणी गढूळ होत चालले आहे. काय करावे?"

मुलीचा प्रश्न मोठा आहे. त्याच्याकडे येऊच. पण त्याआधी एक काम तातडीचे आहे. ताई, फिल्टर आजच्या आज सुरू करा. फिल्टर बंद ठेवून पिले वाचणार नाहीत, उलट मोठे मासेही जातील. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. फिल्टरमधल्या कापसावर आणि स्पंजावर जे उपयोगी जिवाणू वाढतात, ते या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. या जिवाणूंना प्राणवायू असलेले वाहते पाणी सतत लागते. फिल्टर काही दिवस बंद राहिला की ते मरू लागतात. म्हणून फिल्टर चालू ठेवायचा आणि त्याचे तोंड सुरक्षित करायचे, असा दुहेरी विचार केला पाहिजे. फिल्टर बरेच दिवस बंद राहिला असेल तर आतला कापूस टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्या, मग सुरू करा, आणि पुढचा आठवडाभर खाद्य निम्मे करा.

आता पिले फिल्टरमध्ये जातात कशी ते पाहू. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिलांना जन्म देते. साधारण चार आठवड्यांनी मादी विते. एका वेळी वीस-तीस पिले सहज होतात. पिलू जन्मतः सहा-सात मिलिमीटर लांब असते आणि सुईसारखे बारीक. फिल्टरची पाणी ओढणारी नळी टाकीत खाली सोडलेली असते. तिच्या टोकाला प्लास्टिकची जाळीदार टोपी असते. त्या टोपीच्या खाचा दोन-तीन मिलिमीटर रुंद. मोठा मासा तिथे अडतो, पिलाला ते उघडे दार असते.

पण केवळ खाच रुंद आहे म्हणून पिले जातात असे नाही. ओढ हे खरे कारण आहे. इथे थोडे गणित करू. घरात सातवीची विद्यार्थिनी आहे, तिने वही काढावी. समजा फिल्टर ताशी ४०० लिटर पाणी फिरवतो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १११ घन सेंटिमीटर. टोपीच्या सगळ्या खाचा मिळून उघडी जागा समजा ३ चौरस सेंटिमीटर आहे. १११ ला ३ ने भागा. खाचेशी पाण्याचा वेग सेकंदाला ३७ सेंटिमीटर आला. सात मिलिमीटरच्या पिलाला आपल्या लांबीच्या पन्नास पट अंतर एका सेकंदात कापता आले, तरच ते तिथून सुटेल. एका दिवसाच्या जिवाला हे कसे जमणार?

आता त्याच टोपीवर पाच सेंटिमीटर व्यासाचा, आठ सेंटिमीटर लांबीचा स्पंजाचा दंडगोल चढवा. त्याची बाजू आणि तळ मिळून पृष्ठभाग भरतो सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. पाणी तेवढेच ओढले जाते, पण आता ते सगळ्या अंगाने थोडे थोडे शिरते. १११ ला १४५ ने भागा, वेग सेकंदाला एक सेंटिमीटरही येत नाही. स्पंजाचे धागे थोडी जागा अडवतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो किंचित जास्त असेल, पण चित्र तेच. पिलू स्पंजाजवळ येते, त्याला तोंड लावते आणि निघून जाते.

हे गणित लक्षात आले की एक नेहमीचा उपाय का फसतो तेही कळते. पुष्कळजण नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुन्या नायलॉन मोज्याचे कापड दोऱ्याने गच्च बांधतात. त्याने पिलू आत जात नाही हे खरे. पण उघडी जागा तेवढीच राहते, किंबहुना कमी होते, त्यामुळे ओढ तशीच राहते. पिलू कापडाला चिकटते, त्याला सुटता येत नाही आणि सकाळी ते तिथेच मेलेले आढळते. शिवाय कापड दोन दिवसांत शेवाळते. एका रात्रीची अडचण भागवायला ठीक, कायमसाठी नाही.

बाजारात या स्पंजाला 'प्री-फिल्टर स्पंज' म्हणतात. माशांच्या दुकानात तो शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. घेताना आपल्या नळीची जाडी मोजून न्यावी. स्पंजाची जाडी-भरडी जात दर इंचाला किती छिद्रे यावर ठरते. गप्पीसाठी वीस ते तीस छिद्रांचा पुरे. कोळंबीची अगदी बारीक पिले असतील तर तीस किंवा त्याहून थोडा बारीक घ्यावा. फार बारीक स्पंजाचा मोह नको, तो लवकर तुंबतो.

दुकान लांब असेल तर फिल्टरच्या स्पंजाची लादी आणून घरी कापता येते. स्पंज ओला करून डीप फ्रीजमध्ये कडक होऊ द्यावा, मग कापायला सोपा जातो. मध्ये भोक पाडावे ते नळीपेक्षा थोडे लहान, आणि ते आरपार जाऊ देऊ नये. खालचे टोक बंदच हवे, नाहीतर सगळी मेहनत फुकट. प्लास्टिकची टोपी काढू नये, तिच्यावरच स्पंज चढवावा. टोपी नसेल तर स्पंजाचा मऊ भाग नळीत ओढला जातो. काहीजण भोक पाडायला सळई तापवतात. फोम जळताना निघणारा धूर वाईट असतो, मुलांना तसे करू देऊ नये. भांडी घासायचा स्पंज तर मुळीच वापरू नये. त्यात साबण किंवा जंतुनाशक मुरवलेले असू शकते आणि ते माशांना बाधते. गादीचा फोमही नको, त्यातून पाणी नीट जात नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पिले कुणी मारली?

भिक्खूजवळ असाव्यात अशा आठ वस्तू आपल्याला ठाऊक आहेत: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे गाळणे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्या दिल्या आहेत. सगळ्या संसाराचा त्याग करून निघालेल्या माणसाजवळ जे आठच जिन्नस राहतात, त्यांत एक गाळणे असावे, ही गोष्ट मला नेहमीच विचार करायला लावते. पालीमध्ये त्याला 'परिस्सावन' म्हणतात. ते पाणी स्वच्छ व्हावे म्हणून होतेच, पण पाण्यातले बारीक जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणूनही होते.

चुल्लवग्गात या गाळण्याची एक हकिकत आहे. कोसल देशातून दोन भिक्खू प्रवास करीत होते. एकाचे वागणे बरोबर नव्हते, म्हणून दुसऱ्याने त्याला टोकले. पहिल्याने मनात अढी धरली. पुढे टोकणाऱ्याला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले, पण सोबत्याने दिले नाही. तहानेने तो भिक्खू मरण पावला. भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी न देणाऱ्याची कडक निर्भर्त्सना केली आणि नियम घालून दिला, की प्रवासात गाळणे मागितले तर नाकारू नये आणि गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये. जवळ गाळणे नसलेच, तर संघाटीच्या कोपऱ्याने गाळून पाणी प्यावे.

विनयात या संदर्भात दोन नियम आहेत. एक असा, की पाण्यात जीव आहेत हे जाणत असूनही जो भिक्खू ते पाणी वापरतो त्याला दोष लागतो. यातला 'जाणत असूनही' हा शब्द महत्त्वाचा. ज्याला ठाऊक नव्हते त्याला दोष नाही. हे नियम भिक्खूंचे आहेत, उपासक-उपासिकांचे नाहीत. पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात दिसते. बाळ, रविवारपर्यंत तुला ठाऊक नव्हते. ती पिले तू मारली नाहीस, तुझ्या आईनेही नाही. जीव घेण्याची चेतना तुमच्या मनात नव्हती. पण तू फिल्टर उघडलास आणि पाहिलेस. आता तुला ठाऊक आहे. इथून पुढे तोंड उघडे ठेवून फिल्टर चालवणे आणि रविवारच्या आधी चालवणे यांत फरक आहे. तू घाबरून फिल्टर बंद केलास, त्यामागचे मन चांगले आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. करुणेला माहितीची जोड नसली की ती अशीच अडते.

मुळात मासे काचेत कोंडून ठेवावेत का, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि माझेही मत असे की शोभेसाठी नवनवे मासे आणत राहणे आणि मेले की पुन्हा आणणे हे आपल्या विचाराला धरून नाही. पण जे घरात आहेत त्यांची जबाबदारी आपली आहे. ओढ्यात प्रवाह जोराचा असला तर पिलू काठच्या गवतात शिरते. टाकीतला प्रवाह आपण विजेवर चोवीस तास चालवतो आणि लपायला जागाही आपणच ठेवलेली नसते.

आता सर्वात महत्त्वाचे, स्पंज धुणे. अनेक दुकानदार सांगतात की नळीला स्पंज लावला की मोटार जळते. हे अर्धे खरे आहे. स्पंज धुतलाच नाही तर छिद्रे गाळाने बुजतात, पाणी कमी ओढले जाते, फिल्टरची धार बारीक होते. या मोटारी पाण्यानेच थंड राहतात, म्हणून पाणी कमी पडले की त्या तापतात आणि आतला पंखा खडखडतो. पाणी नीट न फिरल्यामुळे मासेही गुदमरतात. म्हणजे पिले वाचवायला लावलेला स्पंज विसरला तर सगळ्या टाकीवर बेततो. गप्पीच्या टाकीत आठवड्याला एकदा धुणे पुरते. गोल्डफिश घाण फार करतात, तिथे तीन-चार दिवसांनी पाहावे. धार बारीक झालेली दिसली की वाराची वाट पाहू नये.

धुण्याची रीत अशी. आधी प्लग काढा. फिल्टर, दिवा, सगळे विजेपासून सोडवा, मगच हात पाण्यात घाला. हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे. प्लग काढण्याचे दुसरे कारण असे की स्पंज निघाल्यावर नळीचे तोंड उघडे पडते, आणि नेमके त्याच वेळी पिलू आत जाते. मग आठवड्याचे पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी एका बादलीत घ्या. स्पंजाखाली एखादी वाटी किंवा प्लास्टिकची पिशवी धरून तो सावकाश उतरवा, म्हणजे गाळ टाकीत पसरत नाही. बादलीतल्या पाण्यात दोन-चार वेळा दाबून सोडा. पाणी चहासारखे होईल. स्पंज अगदी नव्यासारखा दिसायला हवा असा हट्ट नको. नळाखाली धरू नका. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, गावात टीसीएल पावडर टाकलेली असते, आणि जिवाणूंना ते मारक ठरते. ज्या दिवशी हा स्पंज धुवाल त्या दिवशी फिल्टरमधला कापूस धुऊ नका. जिवाणूंची सगळी वस्ती एकाच दिवशी विस्कटू नये.

बादलीतले ते पाणी ओतण्याआधी पाच मिनिटे स्थिर ठेवा आणि उजेडात नीट पाहा. स्पंजाला तोंड लावून बसलेले एखादे पिलू त्यात आलेले असते. चमच्याने उचलून टाकीत सोडा. वर विनयातले दोन नियम म्हणालो, त्यातला दुसरा इथे आठवतो: जीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर किंवा मातीवर ओतू नये. पाहून झाल्यावर मात्र ते पाणी कुंडीतल्या झाडांना खुशाल घाला, खतासारखे लागू पडते. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाच्या घरात बादलीभर पाणी मोरीत का जावे?

स्पंज लावल्याचे आणखी फायदे पुढे आपोआप दिसतात. महिनाभरात स्पंजावर जिवाणूंचा आणि सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर जमतो. पिले दिवसभर त्यावर चरतात. आत गाळ कमी गेल्याने फिल्टरचा डबा वारंवार उघडावा लागत नाही. वीज गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि आतले जिवाणू मरू लागतात, पण स्पंज टाकीच्या उघड्या पाण्यात असल्याने त्यावरचे जिवाणू जास्त वेळ तग धरतात. शेजारच्या कुणी नवी टाकी घेतली तर हाच वापरलेला स्पंज त्यांच्या फिल्टरला लावून द्यावा, म्हणजे नव्या टाकीला जिवाणूंचे विरजण मिळते. टाकीत काही रोग असेल तर मात्र देऊ नये.

ज्यांना नव्याने टाकी करायची आहे आणि गप्पीच ठेवायचे आहेत, त्यांनी हा टांगायचा फिल्टर घेऊच नये असे मी सांगेन. हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मिळतो. तो स्वस्त असतो, त्यात फिरता पंखा नसतो आणि त्याचे सगळे अंगच स्पंजाचे असते. बुडबुड्यांचा आवाज तेवढा रात्री येतो. ज्यांच्या घरी टांगायचा आहे त्यांनी तो टाकून देण्याचे कारण नाही. स्पंज चढवला की भागते.

ताई, एक गोष्ट आधीच सांगतो. स्पंज लावल्यावरही काही पिले कमी होतील, कारण मोठे गप्पी आपली पिले खातात हेही खरेच आहे. त्यासाठी टाकीच्या एका कोपऱ्यात जावा मॉस किंवा दाट पाणवनस्पतीचा गुंता ठेवा, पिले त्यात लपतात. खाद्य बोटाने भुकटी करून दिवसातून दोन-तीन वेळा चिमूटभर द्या. आणि पिले वाचू लागली की दोन-तीन महिन्यांत टाकी भरेल. जास्तीचे मासे नदीत किंवा तलावात सोडू नका. गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे, आपल्याकडच्या पाण्यातल्या लहान माशांची अंडी-पिले तो खातो. वस्तीत वापरायच्या पाण्याचे उघडे हौद असतील तर त्यांत सोडा, डासांच्या अळ्या त्यांना पोटभर मिळतील. तेही नसतील तर माद्या आणि नर वेगवेगळ्या टाकीत ठेवा. मादी मात्र एकदा फळली की नर नसतानाही पुढे काही महिने विते, तेव्हा लगेच पिले थांबली नाहीत म्हणून मुलीने गोंधळून जाऊ नये.